आरीने वाचलेले बूट

त्याचं खरं नाव त्याच्या बायकोला आणि दुकानाच्या परवान्यालाच ठाऊक होतं. गाव त्याला आरी म्हणायचं. आरी म्हणजे चामड्याला भोक पाडायचं मोच्याचं हत्यार. लाकडाची मूठ आणि पुढे बोटभर टोकदार पोलाद. हे नाव हातातल्या हत्यारावरून पडलं की तोंडातल्या, यावर गावात दोन मतं होती. आरीला स्वतःला दुसरं मत जास्त आवडायचं.

नदीवर एक पूल होता आणि पुलाच्या दोन टोकांना दोन गावं. इकडचे तिकडच्यांना पलीकडचे म्हणत, तिकडचे इकडच्यांना पलीकडचे म्हणत, आणि दोघंही तो शब्द थुंकल्यासारखा टाकत. दोन्हीकडे फुटबॉलचा एकेक क्लब होता. वर्षातून दोनदा त्यांची गाठ पडे. उरलेलं वर्ष त्या दोन सामन्यांची भांडणं उगाळण्यात जाई.

आरीचं दुकान पुलाच्या अलीकडच्या तोंडाशी, उतारावर होतं. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत संसार. दुकानात शिरलं की आधी मेणाचा आणि कच्च्या चामड्याचा वास येई, मग डोळे सरावले की भिंतीवर टांगलेले बुटांचे जोड दिसत, आणि त्यांच्या खाली, बूट उलटा अडकवायच्या लोखंडी पायासमोर, मांडी घालून बसलेला आरी. दाराबाहेर एक लांब बाक. जुन्या मैदानातली फळी मोडून पडली तेव्हा चौघांनी ती उचलून आणली होती आणि चार दगडांवर ठेवली होती. क्लबचं कार्यालय चौकात होतं, पण क्लबचं डोकं कुठे चालतं असं कुणी विचारलं असतं, तर लोकांनी त्या फळीकडे बोट दाखवलं असतं.

याला कारण होतं. हंगाम संपला, नवे खेळाडू घेतले गेले, की त्यांचे जुने बूट आरीकडे येत. सांगायला तळाला नवे स्टड बसवायचे म्हणून, क्लबच्या रंगाच्या दोऱ्या ओवायच्या म्हणून. पण खरं काम वेगळं होतं आणि ते चिटणिसापासून शेंबड्या पोरापर्यंत सगळ्यांना माहीत होतं. आरी तळ वाचायचा.

तो बूट उलटा करून मांडीवर घेई. टाचेपासून पंजापर्यंत अंगठा फिरवत जाई, सुईण पोट चाचपते तसा. माणूस तोंडाने काहीही सांगेल, पण चालताना खोटं बोलायला त्याला सवड नसते, हे आरी चाळीस वर्षांत शिकला होता. कुठली कड झिजली, कुठला टाका ताणला, पंजा कुठे वाकला, यावरून तो सांगे: हा उजवीकडे वळताना कचरतो. ह्याची धाव पहिल्या अर्ध्या तासाची. एका गोलकीपरचे बूट पाहून तो म्हणाला होता, "हा पितो. डावा पाय उजव्याच्या वाटेत येतोय." दोन महिन्यांनी तो गोलकीपर गोलाच्या खांबाला टेकून झोपलेला सापडला. तेव्हापासून आरीचा शब्द म्हणजे शब्द. डॉक्टर क्लबला परवडत नव्हता, आणि आरी फुकट होता.

त्या वर्षी विकलेल्या आणि नव्या घेतलेल्या खेळाडूंची यादी लागली आणि बाकावर जाळ झाला.

"गोलकीपर विकला!" भट्टीवाला आला तोच ओरडत. पावाची भट्टी चालवणारा हा आडवातिडवा माणूस, कोपरापर्यंत पिठाने पांढरा, आणि रागाने लाल झाला की मिठाईच्या दुकानातल्या बाहुल्यासारखा दिसे; पण हे त्याला सांगायची कुणाची टाप नव्हती. "आणि विकला कुणाला? पलीकडच्यांना! घराची किल्ली चोराच्या हातात दिली आणि वर त्याला दिवा धरला!"

"त्याला लांबचं दिसत नव्हतं म्हणे," निवृत्त पोस्टमन हळूच म्हणाला.

"तुम्ही बोलूच नका. तीस वर्षं माझी पत्रं शेजारच्या दारात टाकलीत तुम्ही. डोळ्यांवर तुम्ही बोलायचं?"

"आणि बचावाला घेतलेत ते दोघे भाऊ," नळ दुरुस्त करणारा म्हणाला. तो कायम हातात पाना घेऊनच बसे. "एक चेंडू सोडतो आणि दुसरा त्याच्यावर चिडतो. तेवढ्यात गोल होतो. घरचं भांडण घरी मिटवायचं सोडून आपल्या गोलसमोर कशाला?"

"पलीकडच्यांनी ताडमाड स्टॉपर आणलाय. ढगात डोकं."

"ढगातच असू दे. आपण खालून मारू."

"कोण मारणार? तू? पाना घेऊन?"

हसू आलं आणि लगेच विरलं, कारण नव्या खेळाडूंतलं तिसरं नाव अजून कुणी घेतलं नव्हतं. तिसरा होता पलीकडच्यांचा फॉरवर्ड. पत्र्याच्या डब्यांच्या कारखान्यात झाकणं कापायच्या यंत्रावर काम करायचा, म्हणून बाकाने त्याला कधीच झाकण करून टाकलं होतं. गेल्या हंगामात शेवटच्या मिनिटाला त्याने गोल मारला होता आणि मग धावत येऊन, नेमका ही मंडळी बसतात त्या कठड्यापुढे थांबून, ओठांवर बोट ठेवलं होतं. गप्प बसा. ते बोट आरीच्या डोळ्यांपुढून गेलं नव्हतं. रात्री दिवा विझवला तरी ते दिसे.

"ज्याने आपल्या तोंडावर बोट ठेवलं," भट्टीवाला म्हणाला, "त्याला आता आपला रंग घालायचा. मी तर त्याला पाव विकणार नाही."

"तो मागेलच कशाला तुझे कच्चे पाव?" आतून आरी म्हणाला. पण आवाजात गंमत नव्हती.

झाकणाचे बूट दुसऱ्या दिवशी आले. चिटणिसाचा माणूस पिशवी ठेवून गेला आणि बाक पाच मिनिटांत भरला. काही जण उंबऱ्यावर उकिडवे बसले. आरीने पिशवी उलटी केली. फुटबॉलचेच बूट होते, पण फार जुने. स्टड घासून बसले होते. उजव्या बुटाची बाहेरची कड टाचेपासून करंगळीपर्यंत तिरपी झिजून गेली होती, कुणी चामडं कापायच्या रापीने तासावी तशी.

आरी अंगठा फिरवत राहिला. पंजाखालच्या टाक्यात त्याच्या बोटाला काहीतरी टोचलं. त्याने हत्याराच्या टोकाने ते उकरून काढलं. पत्रा कापताना सुटते तशी बारीक वळी होती, नखाएवढी, लखलखीत. तळाच्या खाचांत आणखी चकाकत होतं. माती नव्हती. गवताची काडी नव्हती. हिरवा डाग नव्हता.

त्याला त्याच क्षणी कळलं. हे बूट मैदानावरचे नव्हतेच. माणूस ते घालून यंत्रापुढे उभा राहत होता आणि दिवसभर उजव्या पायाने पट्टी दाबत होता.

पण बाहेर चाळीस डोळे त्याच्या तोंडाकडे लागले होते, आणि त्या डोळ्यांना काय हवंय हे त्याला तळाइतकंच स्वच्छ वाचता येत होतं. शिवाय ते बोट होतं. आरीने वळी झटकून खाली टाकली.

"उजवा गुडघा संपलाय," तो म्हणाला. "भार बाहेर टाकून चालतोय. सहा सामने. सातव्याला उचलून आणावा लागेल."

बाक उसळला. "मी सांगत होतो!" भट्टीवाल्याने फळीवर मूठ आपटली, पीठ उडालं. "पलीकडच्यांनी सडका माल आपल्या गळ्यात मारला! चिटणिसाला विचारा, डोळे होते की बटणं?" पोस्टमनने विचारलं, डॉक्टरला एकदा दाखवलं तर? त्याला सगळ्यांनी मिळून गप्प केलं. संध्याकाळपर्यंत ठरलं: रविवारी दुपारी क्लबची सभा बोलवायची आणि करार मोडायचा ठराव मांडायचा.

आरी त्या रात्री पोटभर जेवला.

शुक्रवारी त्याचा साडू आला. मेव्हणीचा हा नवरा पलीकडे बस डेपोत मेकॅनिक होता आणि तिकडच्या क्लबचा कट्टर माणूस. बायका बहिणी होत्या म्हणून दोघं एका ताटावर बसत. नाहीतर एका पुलावर उभे राहिले नसते.

"काय साडूभाऊ," पाट सरकवत तो म्हणाला, "आमच्या झाकणाचा गुडघा तुम्ही बसल्या जागी काढून ठेवलात म्हणे?"

"जेवा."

"जेवतोच. पण हसू येतंय. परवा तो आमच्या मैदानाला वीस फेऱ्या मारून गेला. घाम नाही." त्याने घास मोडला. "करार मोडा हो लवकर. इकडे येणार म्हणून त्याने कारखाना सोडला, तुमच्या चिटणिसाने लाकडाच्या वखारीत काम देतो म्हटलं होतं. आता ना हे ना ते. आमचे लोक रविवारी पुलावर खुर्ची टाकून बसणार आहेत, त्याला परत न्यायला. निम्म्या पगारावर येईल. तुमची जीभ आमच्या फार कामाची आहे, साडूभाऊ. तिला तूप लावत जा."

"भाऊजी, जेवताना बोलू नका, ठसका लागेल," आरीची बायको म्हणाली, आणि आमटी अशी वाढली की थोडी त्याच्या मनगटावर सांडली.

आरी अर्ध्या ताटावरून उठला.

शनिवारी सकाळी बायको दुकान झाडत होती. मध्येच थांबली, भिंतीला हात टेकला आणि टाच वर केली. रक्ताचा थेंब आला होता. तिने वळी उपटून काढली, उजेडात धरली.

"हे चामड्यातून निघालं?"

"निघालं असेल."

"पत्रा आहे." ती त्याच्याकडे बघत राहिली. तिला तळ वाचता येत नव्हता, पण नवरा पस्तीस वर्षं वाचत आली होती. "त्या पोराच्या बुटातून?"

"झाडून घे."

"मी झाडते. तुम्ही काय करणार ते बघा." तिने वळी त्याच्या लोखंडी पायावर ठेवली आणि लंगडत आत गेली.

त्याच दुपारी झाकण स्वतः आला. बाक रिकामा होता, मंडळी जेवायला गेली होती. बहुतेक त्याने तेच पाहून वेळ धरली असावी. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, रुंद खांद्यांचा, दारात उभा राहिला तर उजेड अडला. आत ये असं आरी म्हणाला नाही, आणि तोही आला नाही.

"माझे बूट द्या."

"स्टड व्हायचेत."

"नकोत स्टड. ते कारखान्यातले बूट आहेत. चिटणीस म्हणाले जुने बूट पाठव, मला वाटलं माप घ्यायला. खेळायचे बूट घरी आहेत. मला काय माहीत तुमच्याकडे बुटांवरून माणसं मोजतात?"

आरी दोऱ्याला मेण लावत राहिला.

"यंत्राची पट्टी उजव्या पायाने दाबावी लागते. तिरका पाय टाकून. सहा वर्षं दाबली." त्याचा आवाज चढला. "तुम्हाला कळलं नाही?"

खोटं बोलायला आरीला एवढी जागा मोकळी होती. नाही, म्हणायचं, म्हातारा झालो. त्याने दोरा दातात धरला, तोडला.

"कळलं होतं," तो म्हणाला.

झाकण उंबरा ओलांडून आत आला. त्याच्या मुठी आवळल्या होत्या, आणि आरीने नजर न उचलता रापी बाजूला सरकवली; आपल्या हाताशी हत्यार नको म्हणून.

"कळलं होतं आणि तरी?"

"तू बोट ठेवलं होतंस. ओठांवर."

"तेवढ्यासाठी?" तो हसला, पण ते हसू कडू होतं. "तुम्ही लोकांनी नव्वद मिनिटं माझ्या आईवरून शिव्या दिल्यात. तुम्हीसुद्धा. तुमचा आवाज ओळखता येतो, बारीक आणि टोकदार. आई कठड्यामागे बसली होती. मी फक्त बोट ठेवलं." त्याने बूट उचलले. "उद्या माझ्यावर सभा आहे. मी येणार नाही. तुमच्या तोंडाला लागायची माझी इच्छा नाही."

तो गेल्यावर उजेड परत आत आला. आरीला तो नकोसा झाला.

चाळीस वर्षं त्याने काय कमावलं होतं? घर भाड्याचं. हात राठ. कमावला होता तो एक शब्द. गावातल्या मोठ्या घरांतली माणसंही उंबऱ्यावर उकिडवी बसून तो ऐकायची. उद्या तो परत घेतला, की पुन्हा नुसता मोची. नाही घेतला, तर तो शब्द आयुष्यभर तोंडात धरून बसायचा, किडका दात धरावा तसा. रात्रभर त्याने कूस बदलली.

क्लबच्या पत्र्याच्या शेडमध्ये रविवारी साठेक माणसं होती. भट्टीवाल्याने ठराव वाचला. त्यात "फसवणूक" हा शब्द पाच वेळा होता आणि प्रत्येक वेळी तो वर मान करून चिटणिसाकडे बघे. मग चिटणिसाने विचारलं, कुणाला काही बोलायचंय का, आणि आरी उठला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"टाळ्या थांबवा," आरी म्हणाला. "गुडघा चांगला आहे. ते बूट कारखान्यातले होते. मला बघितल्या बघितल्या कळलं होतं. मी खोटं सांगितलं."

एखादं भांडं पडावं आणि त्याचा आवाज यायला उशीर व्हावा, असं काही क्षण झालं. मग शेडचे पत्रे थरथरले.

"साडूने फिरवला!" भट्टीवाला खुर्चीवर चढला. "शुक्रवारी ह्याच्या घरी पलीकडचा जेवायला होता! मी स्वतः त्याला पूल उतरताना पाहिलं!"

"साडूला तर तो परत हवाय," आरी म्हणाला. "पुलावर खुर्ची टाकून बसलेत."

"बघा! खुर्ची कुठे ठेवली तेसुद्धा ह्याला माहीत!"

"पत्रा निघाला तळातून. बायकोच्या पायात घुसला."

"आता बायकोचा पाय वाचा," नळवाला म्हणाला, आणि मागच्या रांगा खिदळल्या.

आरीने फार भांडणं पाहिली होती, केलीही होती. पण आपलं खरं ऐकून लोक एवढे चिडतील हे त्याला वाटलं नव्हतं. त्यांना झाकणाचा गुडघा मोडलेलाच हवा होता. आरीने तो मोडून दिला होता, आणि दिलेली वस्तू परत मागणाऱ्याकडे लोक बघतात तसे ते त्याच्याकडे बघत होते.

"मग आधीचे?" कुणीतरी ओरडलं. "तो हाफबॅक, ज्याला तू घोट्यात कमजोर म्हणालास? परत पाठवला आपण त्याला!"

"तो खरा कमजोर होता."

"कशावरून?"

आजवर कुणी कशावरून विचारलंच नव्हतं.

शेवटी उठला पोस्टमन, ज्याला उठून बोलताना कुणी कधी पाहिलं नव्हतं. "डॉक्टर," तो म्हणाला. "मी परवाच म्हणालो होतो, डॉक्टर." चिटणीस त्या शब्दावर बुडत्याने फळी धरावी तसा लटकला. हाडांच्या डॉक्टरकडे पाठवू, म्हणाला, ठराव तोवर बाजूला. आणि यापुढे सगळेच खेळाडू डॉक्टरकडे जातील, बुटांचे तळ बघणं वगैरे बंद. वर्गणी काढू. हात वर झाले. पुरेसे झाले.

बुधवारी डॉक्टरचा कागद कार्यालयाच्या दारावर लागला: गुडघा उत्तम. आरीची कुणी माफी मागितली नाही आणि कुणी त्याला माफही केलं नाही. सकाळी तो दार उघडून बघतो तर दारापुढे नुसते चार दगड. फळी भट्टीवाल्याच्या दुकानापुढे गेली होती. तिथून मोठमोठ्याने बोलणं येई, नवा गोलकीपर, ताडमाड स्टॉपर, आणि मधूनच, मुद्दाम चढवलेल्या आवाजात, "काय रे, पावाचा तळ वाचून सांग, भाजलाय का?"

गुरुवारी झाकण आला. ह्या वेळी खेळायचे बूट घेऊन.

"चिटणिसांनी पाठवलं. स्टडसाठी," तो म्हणाला. "दुसरा मोची असता तर इथे आलो नसतो."

"ठेव. संध्याकाळी ने."

"ठेवणार नाही. माझ्यासमोर करा."

तो स्टुलावर बसला, गुडघ्यांवर हात ठेवून, तुरुंगातल्या पहारेकऱ्यासारखा. आरीने एकेक जुना स्टड काढला, नवा पिळून बसवला. तळ हाताखाली होता, डोळ्यांखाली होता. न वाचणं त्याच्या हातात नव्हतं. उजवा स्वच्छ होता. डाव्यात पुढचा टाका ताणलेला आणि आतल्या बाजूने बोटांचे खड्डे खोल.

त्याने मऊ चामड्याचा तुकडा कापला, कडा तासल्या आणि डाव्या बुटात सरकवला.

"काय घालताय?" झाकण अर्धा उठला.

"डावा अर्ध्या मापाने मोठा आहे. बोटांनी धरून ठेवतोस. शेवटच्या वीस मिनिटांत पोटरीत गोळा येतो."

झाकण परत स्टुलावर बसला. मग म्हणाला, "कुणी सांगितलं?"

"घालून बघ."

त्याने बूट घातला. दुकानात चार पावलं टाकली, वळला, पंजावर उभा राहिला. तोंडावरचा राग तसाच होता. पण तो आता दुसरीकडे कुठेतरी बघत होता, स्वतःच्या पायात.

"डॉक्टरला हे दिसलं नाही," तो म्हणाला.

"त्याने पाय बघितला. बूट नाही."

झाकणाने उजवाही चढवला. दारात पोहोचल्यावर तो थांबला. "हे कुणाजवळ बोलू नका. पलीकडच्यांना कळलं तर शेवटची वीस मिनिटं माझ्या अंगावर धावतील."

पलीकडचे. आरीने तो शब्द ऐकला.

"माझं ऐकणारं कोण उरलंय?" तो म्हणाला.

झाकण उताराने निघाला. भट्टीपुढच्या फळीवरून शीळ आली, मग एक शिवी. त्याने मान वळवली नाही.

"दोरी सैल कर वरून!" आरी मागून ओरडला, त्याच त्या बारीक, टोकदार आवाजात. "घोट्यावर आवळलीयेस, रक्त थांबेल!"

झाकण चार पावलं तसाच चालत गेला, ऐकलंच नाही असा. मग भर रस्त्यात, फळीवरच्या सगळ्यांच्या देखत, खाली वाकला आणि दोरी सोडू लागला.